अमेरिकेची तिजोरी: शटडाऊन वेगळा, कर्जमर्यादा वेगळी. गल्लत नेमकी कुठे होते?

ताळेबंद

शटडाऊन झाला की मराठी बातम्यांत "अमेरिकेकडचे पैसे संपले" असा सूर लागतो. कर्जमर्यादेचा प्रश्न आला की "अमेरिकेत पुन्हा शटडाऊनचे संकट" असं छापून येतं. दोन्ही चूक आहे. हे दोन निरनिराळे कायदे आहेत, त्यांचे परिणामही निरनिराळे आहेत, म्हणून हा धागा.

आधी आकड्यांची भाषा. १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. १ बिलियन म्हणजे १ अब्ज, म्हणजे १०० कोटी. भाषांतरात इथेच एखादं शून्य इकडचं तिकडे होतं आणि पुढचं सगळं गणित फसतं.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातल्या नवव्या कलमात म्हटलं आहे की कायद्याने विनियोजन केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. आपल्याकडे विनियोजन विधेयक असतं, तीच कल्पना. फरक असा की तिथे हे एक विधेयक नसून १२ असतात: संरक्षण, शेती, वाहतूक-गृहनिर्माण, परराष्ट्र खातं वगैरे. दोन्ही सभागृहांच्या विनियोजन समित्यांच्या १२-१२ उपसमित्या ती तयार करतात. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत ज्या खात्याचं विधेयक मंजूर नाही, त्या खात्याची खर्चाची परवानगी संपली. तिजोरीत ट्रिलियन डॉलर पडून असले तरी संपली. हा झाला शटडाऊन.

कर्जमर्यादा याच्या बरोबर उलट आहे. तिथे खर्चाची परवानगी असते, खर्च करणं कायद्याने बंधनकारकही असतं, पण त्यासाठी उधार घ्यायची परवानगी संपलेली असते.

तिजोरीला दोन कुलुपं आहेत असं समजा. दोन्हींच्या किल्ल्या काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे आहेत, पण कुलुपं वेगळी आहेत.

---

गोदाकाठ

चांगला विषय घेतलात. एक शंका. आपल्याकडे अंदाजपत्रक पूर्ण मंजूर व्हायला वेळ लागणार असेल तर लेखानुदान घेतात आणि कारभार चालू राहतो. निवडणुकीच्या वर्षात तर हमखास. अमेरिकेला ही सोय सुचली नाही का?

---

ताळेबंद

@गोदाकाठ, सोय आहे. तिला कंटिन्युइंग रिझोल्युशन म्हणतात, बोलताना नुसतं सीआर. "मागच्या वर्षी ज्या दराने खर्च होत होता त्याच दराने अमुक तारखेपर्यंत चालू ठेवा" एवढाच त्याचा गाभा. नवीन प्रकल्प सुरू करता येत नाहीत. अपवाद हवा असेल तर तसं वेगळं कलम घालावं लागतं, त्याला अ‍ॅनॉमली म्हणतात. सगळी विधेयकं वेळेत मंजूर होण्याचा शेवटचा प्रसंग १९९७ च्या आर्थिक वर्षाचा. त्यानंतर दर १ ऑक्टोबरला सीआर नाही तर शटडाऊन.

पण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी खरा फरक आहे. आपल्याकडे लोकसभेत लेखानुदान पडलं तर सरकारच पडतं. म्हणजे पैशावरून पेच फार दिवस रेंगाळूच शकत नाही: एक तर मंजुरी, नाही तर नवं सरकार. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी, प्रतिनिधीगृह दोन वर्षांसाठी, सिनेटर सहा वर्षांसाठी निवडून आलेले. कुणीही कुणाला घरी पाठवू शकत नाही. पेच सुटला नाही तर तो तसाच राहतो आणि पगार थांबतात.

दुसरं, शटडाऊन घटनेइतका जुना नाही. १९७० च्या दशकातही मंजुरीत खंड पडायचे, पण कचेऱ्या थोडी काटकसर करून चालू राहायच्या. १९८० मध्ये अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी जुन्या अँटिडेफिशियन्सी कायद्याचा कडक अर्थ लावला: मंजुरी नसेल तर कर्मचाऱ्याला काम करू देणं हाही गुन्हा. १९८१ मध्ये त्यांनीच अपवाद स्पष्ट केला, जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण करणारी कामं चालू ठेवता येतील. आजचा शटडाऊन या दोन अभिप्रायांवर उभा आहे.

---

सुरंगी

मग "सरकार ठप्प" हेही अर्धवटच म्हणायला हवं. कोण थांबतं आणि कोण नाही, याची विभागणी अशी:

खर्चाची परवानगी कायमच्या कायद्यातच असेल तर विनियोजनाची गरजच नाही. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) हे त्यात येतात. पैसे जात राहतात. पोस्ट आपल्या टपाल उत्पन्नावर चालतं, ते उघडं राहतं. फेडरल रिझर्व्हला स्वतःचं उत्पन्न आहे, तिला काही फरक पडत नाही.

सैनिक, विमानतळावरचे तपासनीस, हवाई वाहतूक नियंत्रक हे "एक्सेप्टेड" गटात. काम करायचं, पगार शटडाऊन संपल्यावर. बाकीचे "फर्लो", म्हणजे घरी बसा. २०१९ च्या कायद्याने दोन्ही गटांना मागाहून पूर्ण पगाराची हमी मिळाली. कंत्राटदारांकडच्या माणसांना ही हमी नाही. सरकारी इमारतीत झाडलोट करणारी, कँटीन चालवणारी माणसं यांचे ते दिवस बुडाले ते बुडाले. शटडाऊनचा खरा मार कुणाला बसतो हे बघायचं तर आधी यांच्याकडे बघा.

२०२५ चा शटडाऊन १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस चालला. त्याआधीचा सर्वांत लांब ३५ दिवसांचा, डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९. पण तेव्हा काही खात्यांची विधेयकं आधीच मंजूर होती. २०२५ मध्ये एकही नव्हतं, म्हणून सुमारे ४ कोटी २० लाख लोकांची स्नॅप ही अन्नमदत नोव्हेंबरमध्ये अडकली. नियंत्रक कमी पडायला लागल्यावर ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायचा आदेश निघाला. आणि ऑक्टोबरचा बेरोजगारीचा दर प्रसिद्धच झाला नाही, कारण घरोघरचं सर्वेक्षणच झालं नव्हतं. ती माहिती आता कधीच मिळणार नाही. बेरोजगारीच्या दराची मालिका वापरणाऱ्याने ती रिकामी जागा लक्षात ठेवावी, दोन्हीकडचे आकडे जोडून सरासरी ठोकून देऊ नये.

---

एडिसनकर

एच-वन-बी वाल्यांसाठी नेमका मुद्दा, कारण दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर "इमिग्रेशन बंद" असा संदेश फिरतो.

अर्ज तपासणारं खातं, यूएससीआयएस, मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालतं. ते बंद होत नाही. बंद होतं ते मजूर खात्याचं परदेशी कामगार प्रमाणन कार्यालय, कारण ते विनियोजनावर चालतं. आणि एच-वन-बी चा अर्ज, फॉर्म आय-१२९, भरायला आधी त्या कार्यालयाने मंजूर केलेला एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा कंपनीचा अर्ज) लागतो. एरवी त्याला कामाचे ७ दिवस लागतात. संकेतस्थळच बंद असेल तर एलसीए नाही, एलसीए नाही तर नवा अर्ज नाही, कंपनी बदलणं नाही, मुदतवाढ नाही. २०२५ मध्ये हे कार्यालय जवळजवळ महिनाभर बंद होतं.

काय करता येतं:

१. एलसीए आणि मुदतवाढीचा अर्ज दोन्ही कामाच्या तारखेच्या ६ महिने आधीपर्यंत करता येतात. आय-९४ (अमेरिकेत राहायची मुदत दाखवणारी नोंद) ऑक्टोबर ते जानेवारीत संपत असेल तर एलसीए सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच दाखल करून मंजूर करून घ्यायला वकिलाला सांगा. २५ सप्टेंबरला दाखल केलेला एलसीए ३० तारखेला अर्धवट अडकतो.

२. आय-९४ संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज पोचला असेल तर त्याच कंपनीत निर्णयाची वाट बघत २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. अर्ज पोचला असेल तरच. एलसीएच्या रांगेत असणं म्हणजे अर्ज पोचणं नव्हे.

३. ग्रीन कार्डच्या पर्म टप्प्यात (त्या जागेसाठी अमेरिकेतला कामगार मिळत नाही हे मजूर खात्याकडून प्रमाणित करून घेणं) जास्त घोळ होतो. भरतीच्या जाहिराती अर्जाच्या तारखेआधी ३० ते १८० दिवसांच्या आतल्या लागतात. शटडाऊनमध्ये १८० दिवस उलटले तर जाहिराती शिळ्या होतात. त्यामुळे जाहिराती उन्हाळ्यात दिल्या असतील तर पर्मचा अर्ज सप्टेंबरच्या आत जाईल असं वेळापत्रक आखा.

उशीर शटडाऊनमुळेच झाला हे दाखवता आलं तर यूएससीआयएस उशिराचा अर्ज असाधारण परिस्थिती म्हणून स्वीकारू शकतं. मात्र तो त्यांचा अधिकार, आपला हक्क नाही. पुरावा म्हणून संकेतस्थळ बंद असल्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट जपून ठेवा.

---

वाटाड्या

एक समजत नाही. २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडे व्हाइट हाऊस, प्रतिनिधीगृह, सिनेट तिन्ही होतं. सिनेटमध्ये ५३. मग शटडाऊन झालाच कसा? आणि त्याच वर्षी ४ जुलैला ट्रम्प यांचं ते महाकाय कर विधेयक मात्र याच संख्याबळावर पार झालं. एकाच सभागृहात एकदा ५१ पुरतात आणि एकदा ६० लागतात?

---

ताळेबंद

@वाटाड्या, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. हा नियम कळला की अमेरिकेचं अर्थकारण निम्मं कळलं.

सिनेटमध्ये विधेयक मंजूर करायला साधं बहुमतच लागतं. पण मतदानापर्यंत पोचायला चर्चा थांबवावी लागते, आणि ती थांबवायला १०० पैकी ६० मतं. याला क्लोचर म्हणतात. सीआरला हाच नियम लागू. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कोंडी फुटली ती ६० विरुद्ध ४० ने: ५३ रिपब्लिकनांपैकी एक विरोधात गेला, म्हणजे ५२, आणि डेमोक्रॅटिक गटातले ८ येऊन मिळाले. डेमोक्रॅट आरोग्यविम्याच्या वाढीव करसवलतींची मुदत वाढवून मागत होते. ती मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. ती मागणी त्या ठरावात मान्य झाली नाही.

कर विधेयक गेलं रिकन्सिलिएशनच्या वाटेने. १९७४ च्या अंदाजपत्रक कायद्यातली ही तरतूद. आधी दोन्ही सभागृहांनी अंदाजपत्रकी ठराव मंजूर करायचा. त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही. त्या ठरावात समित्यांना हुकूम असतो: "तुमच्या अखत्यारीतल्या कायद्यांत बदल करून तूट एवढ्याने कमी करा" किंवा "एवढ्यापर्यंत वाढवा". त्यातून आलेल्या विधेयकावर सिनेटमध्ये चर्चेला २० तासांची मर्यादा असते, म्हणून चर्चा थांबवायला ६० मतांची गरजच उरत नाही. २० तास संपले की दुरुस्त्यांवर एकामागून एक मतदान, रात्रभर. त्याला व्होट-अ-रामा म्हणतात.

या वाटेवर पहारेकरी आहे बर्ड नियम, वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाचा. ज्या कलमाचा जमाखर्चावर परिणाम नाही, किंवा परिणाम आहे पण तो निव्वळ आनुषंगिक आहे, ते कलम गळतं. सोशल सिक्युरिटीला हात लावता येत नाही. आणि विधेयकाच्या कालखिडकीपलीकडे, म्हणजे बहुधा १० वर्षांनंतर, तूट वाढवता येत नाही. बुश यांची २००१ ची करकपात २०१० अखेर आपोआप संपणारी होती ती याच कारणाने. २०२१ मध्ये १५ डॉलर किमान वेतनाचं कलम सिनेटच्या पार्लमेंटेरियन (नियमांचा अर्थ सांगणाऱ्या) अधिकाऱ्यांनी याच नियमावर बाहेर काढलं. अमेरिकेतल्या करसवलतींना एक्सपायरी डेट का असते, हे कुणी विचारलं तर उत्तर अर्थशास्त्रात शोधू नका, बर्ड नियमात शोधा.

वार्षिक विनियोजन या वाटेने नेण्याचा प्रघात नाही. म्हणून कर ५१ वर आणि कचेऱ्यांचे पगार ६० वर.

---

गोदाकाठ

म्हणजे ज्या १२ विधेयकांवरून एवढं रणकंदन होतं ती एकूण खर्चाचा केवढा भाग?

---

सुरंगी

साधारण चौथा हिस्सा. २०२४ च्या आर्थिक वर्षाचे गोळाबेरीज आकडे: खर्च ६.८ ट्रिलियन, जमा ४.९, तूट १.८. खर्चापैकी विनियोजनातून गेलेले सुमारे १.८ ट्रिलियन, त्यातला जवळजवळ निम्मा संरक्षणाचा. निव्वळ व्याज सुमारे ८८० अब्ज, म्हणजे संरक्षणापेक्षा किंचित जास्त. उरलेले ४ ट्रिलियनच्या वर कायमच्या कायद्यांनी जातात.

म्हणून "शटडाऊन केल्याने सरकारी खर्चाला आळा बसतो" हे पटण्यासारखं नाही. मोठा खर्च त्या दारातून जातच नाही. उलट मागाहून पगार द्यायचेच असतात, काम मात्र झालेलं नसतं. २०१८-१९ च्या शटडाऊनमध्ये काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने ११ अब्ज डॉलरचं उत्पादन बुडाल्याचा अंदाज दिला. त्यातले ३ अब्ज कधीच भरून निघाले नाहीत.

---

वाटाड्या

आता दुसऱ्या कुलुपाकडे येऊ. कर्जमर्यादा "गाठली" आणि तरी महिनोन्महिने काहीच होत नाही, हे कसं?

---

ताळेबंद

मर्यादा मोजताना दोन प्रकारचं कर्ज धरतात. एक बाजारात विकलेले रोखे. दुसरं सरकारने स्वतःच्याच निधींना दिलेले खास रोखे: सोशल सिक्युरिटी निधी, कर्मचाऱ्यांचा निवृत्तिनिधी वगैरे. युक्ती दुसऱ्या भागात आहे.

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बचत योजनेत जी फंड नावाचा निधी आहे, जवळपास ३०० अब्ज डॉलरचा. त्याची सगळी रक्कम एका दिवसाच्या खास रोख्यात असते आणि रोज सकाळी नव्याने गुंतवली जाते. मर्यादा गाठली की अर्थमंत्री ती पुन्हा गुंतवतच नाहीत. कागदावर कर्ज तेवढ्याने कमी झालं, तेवढीच जागा बाजारात नवे रोखे विकायला मोकळी झाली. नागरी सेवा निवृत्तिनिधी आणि विनिमय स्थिरीकरण निधी यांच्याबाबतीतही असंच. याला "असाधारण उपाय" म्हणतात. मर्यादा वाढली की जी फंड आणि निवृत्तिनिधी यांची रक्कम बुडालेल्या व्याजासकट परत करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यामुळे "कर्मचाऱ्यांच्या पेन्शनवर डल्ला" ही बातमी चूक.

हे उपाय आणि हातातली रोकड दोन्ही संपायचा दिवस म्हणजे एक्स-डेट. तो आधी पक्का सांगता येत नाही, कारण जमा लाटांसारखी येते: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी या आयकराच्या तारखा. देणी मात्र सारखी येतच असतात, त्यात महिन्याच्या सुरुवातीला मोठा लोंढा. मे २०२३ मध्ये सगळं गणित "१५ जूनचा कर येईपर्यंत तगायचं" एवढ्यावर आलं होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दिवशी खात्यात सुमारे ३९ अब्ज उरले होते. ट्रिलियनांनी खर्च करणाऱ्या देशाच्या खात्यात. ३ जूनला कायद्यावर सही झाली, मर्यादा १ जानेवारी २०२५ पर्यंत स्थगित. मग ती ३६.१ ट्रिलियनवर परत आली आणि जुलै २०२५ च्या त्याच कर विधेयकात ५ ट्रिलियनने वाढवली, ४१.१.

माझं स्पष्ट मत: ही मर्यादा खर्चावर लगाम नाही. खर्च एका कायद्याने ठरला, कर दुसऱ्या कायद्याने ठरला, दोहोंची वजाबाकी म्हणजे उधारी. वजाबाकीचं उत्तर तिसऱ्या कायद्याने बदलत नाही. १९१७ मध्ये महायुद्धाच्या वेळी ही तरतूद आली ती अर्थखात्याला रोखे काढायची मोकळीक द्यायला.

---

एडिसनकर

खर्चावर लगाम नाही हे मान्य, पण परिणाम शून्य नाही. २०११ मध्ये तडजोड २ ऑगस्टला झाली तरी ५ ऑगस्टला स्टँडर्ड अँड पुअर्सने मानांकन ट्रिपल ए वरून खाली आणलं. फिचने ऑगस्ट २०२३ मध्ये, मूडीजने मे २०२५ मध्ये. आता तिघांपैकी कुणाकडेही सर्वोच्च मानांकन नाही.

ट्रेझरी बिलं (सरकारचे अल्पमुदतीचे रोखे) घेणाऱ्यांनी बघायची गोष्ट: एक्स-डेटच्या लगेच पुढे मुदत संपणारं बिल बाजूच्या बिलांपेक्षा स्वस्त मिळतं, म्हणजे त्याचा परतावा उसळतो. मे २०२३ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या काही बिलांचा परतावा ७ टक्क्यांपर्यंत गेला होता. घरभाड्याचे किंवा फीचे पैसे ठेवायचे असतील तर त्या आठवड्यातली मुदत टाळा. पैसे बुडतील असं नाही, पण नेमक्या दिवशी मिळाले नाहीत तर आपली अडचण होते.

---

गोदाकाठ

परराष्ट्र धोरणात हेच दोर कसे ओढले जातात? राष्ट्राध्यक्ष एखाद्या देशाला अमुक अब्ज जाहीर करतात, ते नक्की कुठून येतात?

---

ताळेबंद

जाहीर करणं आणि देणं यांत तीच १२ विधेयकं उभी असतात. इस्रायलबरोबरचा २०१६ चा करार १० वर्षांत ३८ अब्जांचा आहे, पण तो सामंजस्य करार. दर वर्षी काँग्रेसने विनियोजन केलं तरच पैसे.

युक्रेनला सुरुवातीला लष्कराच्या कोठारातली शस्त्रं उचलून देण्यात आली. त्या अधिकाराची एरवीची मर्यादा वर्षाला १० कोटी डॉलर. काँग्रेसने २०२२ साठी ती ११ अब्ज केली. कोठार भरून काढायचा पैसा पुन्हा वेगळा मंजूर करावा लागतो. तो नसेल तर शस्त्रं द्यायचा अधिकार शिल्लक असूनही लष्कर हात आखडता घेतं.

आता उलटी बाजू, काँग्रेसने मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्षांनी खर्चच केला नाही तर? निक्सन यांनी तसं केलं, म्हणूनच १९७४ च्या कायद्याचा एक अख्खा भाग यावर आहे. राष्ट्राध्यक्षांनी रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवायचा, पैसा ४५ दिवस रोखता येतो, तेवढ्यात काँग्रेसने होकार दिला नाही तर सोडायचा. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस ४.९ अब्जांच्या परदेशी मदतीबाबत असा प्रस्ताव आला. ४५ दिवस भरायच्या आत ३० सप्टेंबर उजाडणार, वर्ष संपणार आणि पैसा आपोआप लॅप्स होणार. याला पॉकेट रिसिशन म्हणतात. सरकारी लेखापाल कार्यालयाच्या मते हे बेकायदा आहे. २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यातले सुमारे ४ अब्ज तूर्त रोखून धरू दिले. माझ्या मते त्या वर्षातली ही सर्वांत गंभीर घडामोड, शटडाऊनपेक्षाही. मंजूर झालेला पैसा खर्च होईलच याचा भरवसा गेला तर विरोधी पक्षाने ६० मतांसाठी तडजोड करायची ती कशाच्या जोरावर?

---

वाटाड्या

हे सगळं बातम्यांवर न विसंबता रोजच्या रोज बघायचं असेल तर?

---

सुरंगी

डेली ट्रेझरी स्टेटमेंट. अर्थखात्याची फिस्कल सर्व्हिस ते कामकाजाच्या दर दिवशी वॉशिंग्टनच्या वेळेनुसार दुपारी ४ वाजता टाकते, आदल्या कामकाजाच्या दिवसाचं. फुकट आहे. तीन जागा बघा.

पहिला तक्ता: ट्रेझरी जनरल अकाउंटची अखेरची शिल्लक. हीच हातातली रोकड. दुसरा: त्या दिवशीची जमा आणि देणी, खातेनिहाय. तिसऱ्यातला सी भाग: मर्यादेखाली येणारं कर्ज आणि त्याखालीच कायद्याची मर्यादा. या दोन आकड्यांतलं अंतर अगदी थोडं उरलं आणि मग दिवसेंदिवस तेवढंच राहिलं, तर असाधारण उपाय सुरू झाले समजा.

आकडे दशलक्षात असतात. ३८,८०० दिसलं तर ते ३८.८ अब्ज. आणि एका दिवसाच्या घसरणीवरून निष्कर्ष काढू नका. सोशल सिक्युरिटीचे पैसे ३ तारखेला आणि मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बुधवारी जातात. त्या दिवशी शिल्लक खाली जाणारच. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच बुधवारशी करा.